तेविसावा फर्मा

कापणी त्या वर्षी पंधरा दिवस आधी आली. कोरडा वारा सुटला आणि उभे पीक आठवड्याभरात असे वाळले की कणसाला हात लावताच दाणा झडू लागला. तो मातीत मिसळण्याआधी घरात आणायचा तर घरातले सगळे हात शेतावर हवेत. आणि घरातल्या हातांत हायस्कूलला जाणारे हातही धरले जातात. वर्गावर्गांतून बाके तेवढी उरली. हजेरीपटावर मात्र सगळी मुले हजर होती. हजेरीपट हा त्या हायस्कुलात ललित वाङ्मयाचा एक प्रकार मानला जाई, आणि तिथल्या लिपिकाचा त्यात हातखंडा होता.

ग्रंथालय इमारतीच्या पश्चिम टोकाला होते. पत्र्याखालची लांबट खोली. दुपारी तीननंतर तिथे पुस्तकांचे पुठ्ठे उन्हाने वाकत. चार लाकडी कपाटे उघडी, त्यांतल्या एकाचा पाय विटेवर. पाचवे कपाट काचेचे. त्यात संस्थेच्या अध्यक्षांनी भेट दिलेली थोर पुरुषांच्या चरित्रांची तीस खंडांची माला होती, आणि तिच्या कुलपाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात होती. थोर पुरुष चोरीला जाऊ नयेत, एवढी दक्षता शाळेने घेतली होती.

ग्रंथपालाची जागा नऊ वर्षे रिकामी होती. रिकाम्या जागेचे काम एक शिपाई बाई करी. ती झाडू मारी, घंटा देई, पाणी भरी, आणि उरलेल्या वेळात, म्हणजे दिवसभर, ग्रंथालय चालवी. सगळी शाळा तिला मावशी म्हणे. मुख्याध्यापकही मावशीच म्हणत. त्यांच्या तोंडी त्या शब्दात नाते नव्हते, हुद्दा होता.

मावशीचे शिक्षण सातवीपर्यंत. पण सासर बाइंडरचे. नवरा मालट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी, त्यातले दोन झोपेत. घरात दहावीतली मुलगी आणि सासरे. सासऱ्यांनी चाळीस वर्षे वह्या-पुस्तके बांधली, मग डोळे गेले. आता ते दारातल्या बाकावर बसून दोऱ्याला मेण चोळत आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायताणांवरून माणूस ओळखत.

दोन वर्षांपूर्वी विज्ञानाचा मोठा ग्रंथ मोडला. सहाशे चाळीस पृष्ठांचा, शाळेत एकच प्रत. चाळीस मुले त्याच्यावर तुटून पडत. एक वाची, एकोणचाळीस त्याच्या खांद्यावरून माना लांबवत. ओढाओढीत त्याची पाठ फुटली. मावशीने तो घरी नेला, शिवण उसवली आणि ओसरीवर मांडला. छापलेला मोठा ताव तीन घड्या घालून सोळा पृष्ठांचा जुडगा होतो. बाइंडर त्याला फर्मा म्हणतात. ओसरीभर असे चाळीस फर्मे पसरले. मावशी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत बसली.

"आबा," ती सासऱ्यांना म्हणाली, "हे पुन्हा शिवलं तर एका वेळी एकच पोर वाचणार."

"मग?"

"नाही शिवलं तर चाळीस."

सासऱ्यांनी मेणाचा गोळा खाली ठेवला. हा विचार चाळीस वर्षांत आपल्या डोक्यात आला नाही, याचा त्यांना थोडा राग आला असावा. कारण ते लगेच उणीव काढायला बसले. हरवले तर? चुकीच्या जागी गेले तर? मग त्यांनीच उपाय काढला. सगळे फर्मे एकावर एक दाबून धरले आणि पाठीवर, पहिल्या फर्म्याच्या वरच्या टोकापासून चाळिसाव्याच्या खालच्या टोकापर्यंत, कानशीने एक तिरकी खाच पाडली. आता प्रत्येक फर्म्यावर खाचेचा एक बिंदू होता, दुसऱ्या कुणाशी न जुळणारा. चाळीसच्या चाळीस ओळीने लागले, तरच रेघ सलग.

तेव्हापासून ग्रंथ फिरू लागला. जुन्या कागदाच्या वेष्टणात एकेक फर्मा, एकेक मुलाकडे, शनिवार ते शनिवार. नोंदीला एक फिरती वही. आणि एक गोष्ट अशी झाली जी मावशीने योजली नव्हती. फर्मा सोळाव्या पृष्ठावर संपतो, वाक्य संपतेच असे नाही. मुले अर्ध्या वाक्याशी येऊन थांबत आणि पुढचा तुकडा कुणाकडे आहे ते शोधत सुटत. "तुझ्याकडं बारावा ना? मग सांग, हृदयातून निघालेलं रक्त पुढं कुठं जातं," असे प्रश्न विहिरीवर, वाटेवर, बांधावर विचारले जाऊ लागले. वर्गात ते कधी कुणी विचारले नव्हते.

मंगळवारी मुख्याध्यापक मोटारसायकलवरून येत असताना त्यांना बांधावर बसलेला नववीतला एक मुलगा दिसला. मुलगा वाचत होता, म्हणून ते थांबले. कागदावर शाळेचा शिक्का दिसला, म्हणून ते उतरले.

दुपारी त्यांनी मावशीला कार्यालयात बोलावले. फर्मा टेबलावर होता. लिपिक बाजूला उभा होता.

"हे काय आहे?"

"आठवा फर्मा, सर."

"मी आकडा विचारला नाही."

मुख्याध्यापकांनी फर्म्यावरच्या शिक्क्यावर बोट ठेवले.

"शाळेची मालमत्ता तुम्ही फाडलीत."

"फाडली नाही, सर. उसवली. उसवलेलं पुन्हा शिवता येतं."

"उसवायला ते काय झबलं आहे?"

लिपिक हसला. ते त्याच्या कामाचा भाग होते.

मुख्याध्यापकांनी खुर्ची मागे रेलली. त्यांचा आवाज चढला नाही. अधिकाराला आवाजाची गरज पडत नाही, ही त्यांची समजूत होती. "शनिवारी अकरा वाजता तपासणी अधिकारी येतायत. ग्रंथालयाला या वर्षी वरची श्रेणी मिळायची आहे. मी तीन वर्षं त्यासाठी खपतोय. त्यांच्यापुढं हा ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अखंड हवा. नसला, तर शाळेत तुमची जागा नाही." त्यांनी एक टंकलेखित कागद पुढे सरकवला. "राजीनामा तयार ठेवलाय. सही करा. तारीख मी शनिवारी टाकीन."

मावशीने कागद उचलला आणि वाचू लागली. ती ओठ हलवून, सावकाश वाचत असे. मुख्याध्यापकांनी दोनदा घड्याळ पाहिले.

"‘बुद्धिपुरस्सर’ म्हणजे, सर?"

"जाणूनबुजून."

"मग तेवढं खरं आहे," मावशी म्हणाली आणि कागद सही न करता होता तसा टेबलावर ठेवला. "बाकीचं शनिवारी बघू."

ती बाहेर आली. घंटेची वेळ झाली होती. तिने ती नेहमीपेक्षा जोरात दिली.

फिरत्या वहीत चाळीस नावे होती. शाळेत त्यांतली नऊ सापडली, आठवा फर्मा टेबलावर होता. उरलेले तीस कापणीवर, पाच वाड्यांत विखुरलेले. मावशी पहाटे उठून सायकल काढी, दहाला शाळेत हजर होई, सुटल्यावर पुन्हा निघे. मुलीने तीन दिवस शाळा सोडली आणि दुसरी बाजू धरली. हजेरीपटावर तीही हजर राहिली.

फर्मे नाना ठिकाणांहून निघाले. एक छपराच्या वाशात खोचलेला, उंदरांपासून दूर. एक धान्याच्या कणगीत, कारण घरात तेवढी एकच जागा कोरडी. एका घरी म्हातारीने सांध्यांवरचा फर्मा नातवाकडून तीनदा वाचून घेतला होता आणि तिला तो मान्य नव्हता.

"यात लिहिलंय गुडघ्यात वंगणासारखं पाणी असतं," ती मावशीला म्हणाली. "माझ्यात नाही. त्यांना कळव."

"कुणाला?"

"ज्यांनी लिहिलं त्यांना. मला बोलवा म्हणावं, दाखवते."

दुसऱ्या एका खळ्यावर मुलाच्या बापाने फर्मा हातात धरूनच ठेवला. "दोन पानं राहिलीत, मावशी. बसा जरा."

"तुम्ही वाचताय?"

"पोरगं आणतं घरी. मग पडून राहतं. पडलेलं बघवत नाही."

सगळीकडे असे झाले नाही. मोठ्या शेताच्या मालकाने कामावरच्या मुलीला हात थांबवू दिला नाही. "शाळेत पोरं उरली नाहीत म्हणून मावशी पोरांच्या मागं हिंडायला लागल्या," तो मजुरांना ऐकू जाईल असे बोलला. "तिनं ओळ सोडली तर ओळ कोण कापणार? तुमचे हेडमास्तर?"

"विळा द्या," मावशी म्हणाली.

मुलगी फर्मा आणायला घराकडे धावली आणि मावशीने ओळ धरली. धाटे वाळून काचेसारखी झाली होती. मुठीत धरताच कातडी सोलत. मालक बांधावर उभा राहून बघत होता. त्याला करमणूक हवी होती. मुलगी परतली तेव्हा ओळ संपून मावशी पुढच्या ओळीत शिरली होती, आणि करमणूक संपल्यामुळे मालक निघून गेला होता. गुरुवारपर्यंत तिने अशा सहा ओळी कापल्या. उजव्या तर्जनीवर, सुई जिथे टेकते नेमक्या तिथे, फोड आला आणि फुटला.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ओसरीवर गठ्ठा रचला. सासऱ्यांनी तो दोन्ही गुडघ्यांत धरला, पाठ वर केली आणि अंगठा खाचेवरून हळूहळू उतरवत नेला. अंगठा अर्ध्यावर थांबला, मागे गेला, पुन्हा आला.

"इथं पायरी चुकली. बाविसावा, मग एकदम चोविसावा."

"माहीत आहे, आबा. तेविसावा कापणीवाल्यांच्या थोरलीकडं आहे."

"मग आण की."

"त्यांनी बिऱ्हाड हलवलं. नदीच्या वरच्या अंगाला गेलेत, मजुरी मिळेल तिथं."

सासऱ्यांनी गठ्ठा खाली ठेवला. बाविसाव्यापर्यंत शिवून ठेव, एवढेच ते म्हणाले. मावशीने शिवणीची चौकट मांडली आणि दिवस मावळेपर्यंत बावीस फर्मे ओवले. प्रत्येक टाक्याला दोऱ्यावर लालसर ठिपका उमटत होता. सासऱ्यांना तो दिसत नव्हता, पण दोरा ओला लागतोय हे त्यांच्या बोटांना कळले. त्यांनी न बोलता तिच्या बोटाला मेणकापडाची पट्टी गुंडाळली.

शनिवारी उजाडता उजाडता निघालेली मावशी शोधत शोधत नऊच्या सुमारास नदीकाठी पोहोचली. वाळवंटात कापणीवाल्यांची पाच कापडी पाले होती. थोरली चुलीपाशी राख काढत होती. चौदा वर्षांची, मनगटे काटक्यांसारखी. मावशीला पाहताच ती पालात शिरली आणि पत्र्याची पेटी घेऊन बाहेर आली. फर्मा तिच्यात कपड्यांच्या मध्ये होता, वेष्टणासकट, कोपरासुद्धा न मुडपलेला.

तिने तो पुढे केला, पण सोडला नाही. "चोविसावा आणलाय?"

"नाही गं. आज हे सगळं एकत्र शिवायचंय. मोठ्या बाई बघायला येणार."

"मग याचं पुढं काय?" थोरलीने शेवटचे पृष्ठ उघडले. तिला ते पाठ होते. तरी तिने बोट ठेवून वाचले. "‘विहीर आटते तेव्हा तिच्यातील पाणी नाहीसे झालेले नसते; ते...’ इथंच संपलंय. तीन आठवडे झाले. बाबा म्हणतात, नाहीसं नाही तर काय, संपतंच. मी म्हणते, ते जातं कुठंतरी."

बाप विळ्याला धार लावत होता. "आमच्या पालात दुसरा विषय नाही," तो मावशीला म्हणाला. "हिची आईसुद्धा बोलत नाही माझ्याशी."

"सोड," मावशी थोरलीला म्हणाली. "मी शब्द देते. चोविसावा आज तुझ्या हातात पडेल."

"शिवल्यावर कसा पडेल?"

मावशीने हात तसाच पुढे धरला. शब्द देऊन झाला होता. थोरलीने तिच्या बोटाच्या पट्टीकडे पाहिले, तोंडाकडे पाहिले आणि फर्मा सोडला.

"माझ्या दोन ओळी राहिल्यात," ती म्हणाली. "झाल्या की येते."

परतीच्या वाटेवर वारा समोरून होता. मावशी ग्रंथालयाच्या दारात सायकल टेकवून उभी राहिली तेव्हा अकराला पाच मिनिटे होती, तिच्या पदराला घामाने मिठाच्या रेघा उमटल्या होत्या, आणि आत तपासणी अधिकारी आधीच येऊन बसल्या होत्या. पन्नाशीच्या बाई, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मुलीने हातगाडीवरून चौकट आणि सासरे दोन्ही आणून ठेवले होते. मावशी सरळ चौकटीपाशी बसली.

"ग्रंथ कुठं आहे?" मुख्याध्यापकांनी विचारले.

"हा काय. बावीस शिवलेत, अठरा राहिलेत."

"अकरा वाजले." ते अधिकाऱ्यांकडे वळले. "बाई, मी म्हणालो तेच हे प्रकरण. शाळेचा एकमेव विज्ञानग्रंथ यांनी फाडून गावभर वाटला."

अधिकारीबाईंनी चौकटीकडे पाहिले. "अठरा शिवायला किती वेळ?"

"तासाच्या वर थोडा," मावशी म्हणाली.

"मला बाकीचं ग्रंथालय बघायला तेवढा लागेलच. शिवा तुम्ही. सर, दाखवा."

मावशीने तेविसावा फर्मा चौकटीवर ठेवला आणि सुई घडीत घातली. फुटलेल्या बोटातून कळ कोपरापर्यंत गेली. मुलगी मेण लावलेला दोरा पुढे करत होती. सासरे पुढचा फर्मा खाचेवरून ओळखून हाती देत होते. मुख्याध्यापक अधिकाऱ्यांना लाकडी कपाटांपुढून भरभर घेऊन गेले, कारण तिथली पुस्तके वापरून मळलेली होती, आणि काचेच्या कपाटापुढे थांबले. खिशातून किल्ली निघाली. काच सरकली. आतून कोऱ्या कापडाचा वास आला.

"याला म्हणतात पुस्तक सांभाळणं," ते म्हणाले. "तीस खंड. आणि नुसते सांभाळले नाहीत, वाचले जातात." लिपिकाने देवाणघेवाणीचे रजिस्टर उघडून धरले. "प्रत्येक खंड एकेचाळीस वेळा गेलाय. वर्षात बाराशे तीस वाचक. तरी बघा, डाग नाही."

समाधानाला साक्षीदार लागतात. त्यांनी सातवा खंड काढला आणि बाकावर सासऱ्यांच्या मांडीवर ठेवला. "घ्या आजोबा. हात लावून बघा. तुमच्या सुनेला सांगा, पुस्तक असं असतं."

सासऱ्यांनी दोन्ही हातांनी खंड घेतला, तेवढ्या अदबीने, जेवढ्या अदबीने ते कुणाचेही काम हाती घेत. पुठ्ठ्यावरून तळवा फिरवला. सांधा दाबून पाहिला. "बांधणी चांगली आहे," ते म्हणाले. "खळ पातळ लावलीय, छान. शिवण घट्ट." मग अंगठा वरच्या कडेवर आला आणि थबकला. त्यांनी कड इकडून तिकडे चाचपली. "पण सर, कडा कापायच्या राहिल्यात."

"म्हणजे?"

"म्हणजे छापखान्यातून घड्या जशा आल्या तशाच आहेत. पानं वरून एकमेकांना जोडलेली. कापून सुटी करावी लागतात, मग उघडतात." त्यांच्या आवाजात आरोप नव्हता; एका कारागिराने दुसऱ्याची राहून गेलेली गोष्ट सांगावी, तेवढेच होते. "हे पुस्तक अजून उघडलेलं नाही."

मावशीचा दोरा कागदातून ओढला जात राहिला.

अधिकारीबाईंनी खंड घेतला, चष्मा लावला आणि पान उलटायचा प्रयत्न केला. पान उलटले नाही, फुगले. त्यांनी दोन जोडपानांच्या पोकळीत डोकावून पाहिले, पाकिटात पाहावे तसे. मग अकरावा खंड काढला. मग विसावा. मग तिसावा.

"बाई," मावशी म्हणाली. तिची मान खालीच होती. सुई सत्ताविसाव्या फर्म्यात होती. "सातव्या खंडाचं पान काढा ना रजिस्टरात. शेवटी कुणी नेला बघा."

लिपिकाने रजिस्टर मिटू पाहिले. अधिकारीबाईंनी ते त्याच्या हातून घेतले, पान काढले, नाव मोठ्याने वाचले. नाव मावशीच्या मुलीचे होते.

"मी?" मुलगी दोरा धरून उभी राहिली. "मला तर हे कपाट उघडं दिसतंय तेच आज."

"मुलं विसरतात," मुख्याध्यापक म्हणाले.

"मधलं एकेक पान उघडतं, बाई," लिपिक पुटपुटला. "सगळीच जोडलेली नाहीत."

"हो, बघितलं." अधिकारीबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे एकेचाळीस वाचकांनी खंड घरी नेले आणि तेवढंच पान वाचून परत केले."

 इतक्या वर्षांच्या लेखनात लिपिकावर वाचक भेटण्याचा प्रसंग प्रथमच आला होता.

अधिकारीबाई खुर्ची ओढून चौकटीजवळ बसल्या आणि उरलेला वेळ तिथून हलल्या नाहीत. तिसावा, चौतिसावा, अडतिसावा. खिडकीतले ऊन फरशीवरून सरकून आत येऊ लागले होते. बारा वाजून दहा मिनिटांनी मावशीने चाळिसाव्याची गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि ग्रंथ सासऱ्यांकडे दिला. त्यांनी पाठ वर केली. अंगठा वरच्या टोकाला लागला आणि उतरू लागला. अर्ध्यावर, जिथे काल अडखळला होता तिथे, तो हलके दाबला गेला आणि न थांबता खाली गेला.

"सलग," सासरे म्हणाले.

अधिकारीबाईंनी तरीही पृष्ठे मोजली. एकेक, बोट ओले करून, सहाशे चाळीसपर्यंत. मोजताना त्यांना समासांत पेन्सिलीच्या खुणा दिसल्या, धान्याचा कोंडा दिसला, एका पृष्ठावर गुडघ्याच्या आकृतीशेजारी वाकड्या अक्षरात ‘आजीला मान्य नाही’ असे लिहिलेले दिसले. तिथे त्या थांबल्या. खोकल्या. मग पुढे मोजू लागल्या.

मोजून झाल्यावर त्यांनी फिरती वही मागितली. वहीत एका ग्रंथाच्या दोन वर्षांतल्या चार हजारांजवळ नोंदी होत्या, प्रत्येक वेगळ्या हस्ताक्षरात. त्यांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. रजिस्टरात बाराशे तीस नोंदी होत्या. हस्ताक्षर एकच होते, मोत्यासारखे.

टेबलावर मंगळवारचा टंकलेखित कागद पडला होता, तारीख टाकायला आणलेला. मुख्याध्यापक तो उचलायला गेले. त्यांना जरा उशीर झाला.

"हा राजीनामा कुणाचा?" वाचून अधिकारीबाईंनी विचारले.

"माझा होता," मावशी म्हणाली. "सही राहिली."

"राहू द्या. यातला एक शब्द मी घेते." त्यांनी पेन काढले आणि शेरा लिहिताना मोठ्याने म्हटला, लिपिकालाही ऐकू जाईल असा. "‘सदर ग्रंथ बुद्धिपुरस्सर उसवून चाळीस वाचकांत फिरवण्यात आला. तपासणीच्या दिवशी तो पूर्ण आढळला. वापराने मळला आहे. ग्रंथ असाच मळावा. ग्रंथालय चालवणाऱ्या बाईंची ग्रंथालयाच्या जागेवर नेमणूक व्हावी. वरची श्रेणी या वहीच्या आधारे देण्यात येत आहे.’ रजिस्टर मी बरोबर नेते. त्यावर वेगळं लिहावं लागेल." मग त्यांनी हात पुढे केला. मुख्याध्यापकांना आधी कळले नाही. कळल्यावर त्यांनी किल्ली दिली, आणि ती मावशीच्या चौकटीवर ठेवली गेली.

"आजोबा, ही पानं सुटी कशानं करतात?"

"हाडाची पट्टी असते, बाई. आहे माझ्याकडं. नवशिक्यानं सावकाश करावं, नाहीतर फाटतं."

"सरांना आणि यांना दाखवा कसं करायचं. तीस खंड आहेत. सोमवारी वाचायला मुलं येतील."

अशा रीतीने मुख्याध्यापक आणि लिपिक बाकावर शेजारी शेजारी बसले आणि एका आंधळ्या म्हाताऱ्याच्या सूचनेबरहुकूम थोर पुरुषांची पाने उघडू लागले. "घाई नको, सर," सासरे मधूनमधून म्हणत. "पट्टी आडवी धरा. हां. आता जमायला लागलं तुम्हाला."

दाराशी कुजबुज झाली. शनिवार होता. कापणीवरून तासाभराची सुट्टी काढून मुले आली होती. केसांत भुस्सा, पायांना माती, बाहेर व्हरांड्यात ओळीने उभी. फर्मे आज ग्रंथात होते, तरी ती दर शनिवारच्या सवयीने आली होती. मावशीने ग्रंथ मांडीवर घेतला आणि चाकू उचलला.

मुख्याध्यापकांची पट्टी थांबली. "आत्ताच तर शिवलात."

"आज शनिवार आहे, सर," मावशी म्हणाली. "फर्मे बदलायचा दिवस."

तिने अधिकाऱ्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. चाकू पाठीवरून गेला. दोन दिवसांचे टाके एकामागून एक सुटले आणि ग्रंथ तिच्या हातात हलका झाला. मुलांनी वहीत नावे लिहिली, फर्मे घेतले आणि व्हरांड्यातच उघडून बसली. कुणीतरी लगेच ओरडले, "सोळावा कुणाकडं आहे रे?" आणि दोघे उठून त्याच्याकडे धावले.

चोविसावा मावशीने बाजूला ठेवला होता. एक वाजून गेला, ओळ संपली, अधिकारीबाईंची गाडी दारात येऊन उभी राहिली, तरी तो तिथेच होता. मग नदीच्या वाटेने थोरली येताना दिसली. ती धावत नव्हती. दोन ओळी कापून एवढी वाट चालल्यावर कुणी धावत नाही. विळा कमरेला तसाच होता. आत येऊन तिने खोलीतल्या कुणाकडेच पाहिले नाही. हात परकराला पुसले, फर्मा घेतला आणि पहिले पृष्ठ उघडून उभ्याउभ्या वाचले.

"‘...खालच्या थरांत उतरलेले असते. वर पडणारे पाणी अडवून जिरवले, तर ते पुन्हा भरून येते.’"

तिने ते आणखी एकदा वाचले, या वेळी मनात. मावशीने वही पुढे केली. थोरलीने चोवीस या आकड्यापुढे आपले नाव लिहिले, फर्मा वेष्टणात घातला आणि छातीशी धरला.

"मी म्हणत होते," ती म्हणाली. "जाते मी. बाबांना सांगायचंय."